निव्वळ वजन

माझ्या धाकट्या भावाला सगळे ढब्बू म्हणतात. घरचे म्हणतात, बायको म्हणते, ट्रकवालेसुद्धा म्हणतात. पन्नाशीला टेकला तरी ढब्बूच. नाव मीच ठेवलं, तो चार वर्षांचा होता तेव्हा, आणि त्याने ते इमानेइतबारे निभावलं.

तो वजनकाट्यावर बसतो. शहराबाहेर मोठ्या रस्त्याला लागून एक काचेची केबिन आहे, तिच्यासमोर जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट. पाटावर ट्रक चढला की केबिनमध्ये लाल आकडे नाचायला लागतात. आकडे थांबले की हा बटण दाबणार, चिठ्ठी फाडणार, खिडकीतून देणार. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजा केलं की निव्वळ. बावीस वर्षं साहेबांचं हेच चाललंय. ट्रकमध्ये खडी आहे की भंगार, वाळू कोरडी आहे की पाणी मारून आणलेली, हे बघायला तो कधी खुर्चीतून उठला नाही. "ताडपत्रीखाली काय आहे त्याच्याशी काटेवाल्याचा संबंध नसतो, ताई," असं मला छाती फुगवून सांगायचा. मी म्हणायचे, अरे, एकदा तरी वर करून बघ, उद्या कोणी तुझ्या काट्यावरून हत्ती नेईल. तो म्हणायचा, हत्तीचंही निव्वळ वजन बरोबर देईन.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या दोन्ही किडन्या गेल्याला तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीन दिवस मी चार-चार तास मशीनला जोडलेली असते. उरलेल्या दिवसांत घरी कपडे दुरुस्त करते. लोकांच्या कमरा वाढतात आणि कमी होतात, त्याप्रमाणे मी त्यांच्या पँटी ढिल्या करते आणि घट्ट करते. मला दिवसाला लिटरभर पाणी, तेही मोजून. त्यात चहा आला, गोळ्यांसोबतचं पाणी आलं, आमटीतलं पाणीसुद्धा आलं. लोकांना देवाकडे काय काय मागायचं असतं. मला एक मोठा तांब्या भरून पाणी गटागटा प्यायचं होतं, बस.

ढब्बूची किडनी मला जुळली. घरात मीच त्याला आयुष्यभर टोचून बोलत आले, आणि तरी डॉक्टरांनी नुसतं विचारल्याबरोबर हा बाही वर करून उभा. रक्त बघितलं, फोटो काढले, सगळं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्या अगदी उत्तम आहेत, पण वजन एकशे दोन. अठ्ठ्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय मी ह्यांना टेबलावर घेणार नाही. चार महिने देते, सावकाश उतरवा, मग परत तपासू. आणि त्यांनी एक कागद दिला. रोज पाऊण तास चालायचं, जेवण निम्मं, दूध-दही चालू, गोड बंद, तळलेलं बंद. पाच ओळींचा कागद. शाळेत न गेलेल्या माणसालाही कळेल असा.

पण साधं सांगितलेलं आमच्या ढब्बूला कधी पचलंय? तीन आठवडे केलं त्याने. अडीच किलो उतरलं. चांगलं चाललं होतं की. पण काट्यावर बसणाऱ्या माणसाला अडीच किलो म्हणजे काय, ट्रकच्या चाकाला चिकटलेला चिखल. त्याचा जीव कासावीस व्हायला लागला. "असं चाललं तर तू आणखी किती महिने त्या मशीनवर पडायचं?" म्हणाला. मी म्हटलं, पडले आहे तीन वर्षं, चार महिन्यांनी काय होतंय. ते त्याने ऐकलं नाही. त्याने मोबाईलमधल्या ज्यूसवाल्याचं ऐकलं.

हा ज्यूसवाला म्हणजे एक काटकुळा माणूस, अंगात पांढरा टी-शर्ट, दात त्याहून पांढरे. मागे काचेच्या बरण्या मांडलेल्या. तो सांगणार, जेवण पचवण्यात शरीराची सगळी ताकद वाया जाते, म्हणून चावूच नका, नुसता रस घ्या. म्हणे शरीर आतून धुऊन निघतं. मी ढब्बूला विचारलं, मग बत्तीस दात काय कपाटात ठेवायला दिलेत? आणि शरीर धुवायचं असेल तर मला विचार, माझं दर सोमवार-बुधवार-शुक्रवार धुतात. त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "बघ तरी, चाळीस लाख लोकांनी बघितलंय." चाळीस लाख लोक म्हणजे काही चाळीस लाख डॉक्टर नव्हेत. पण हे कोणाला सांगणार.

दुसऱ्याच दिवशी यंत्र आलं. काळं, जड, वर नळकांडं, बाजूला दोन चोची. एका चोचीतून रस, दुसरीतून चोथा. पहाटे पाच वाजता ते सुरू झालं की वहिनी, म्हणजे त्याची बायको, उशी कानावर ओढायची. पालकाच्या जुड्या, बीट, काकडी, गाजर, वरून लिंबू, आणि ताकद हवी म्हणून भिजवलेले मूठभर बदाम. दिवसाला चार मोठे पेले. जेवण बंद. दूध तर अगदीच बंद, कारण ज्यूसवाल्याच्या मते दूध फक्त वासराने प्यायचं. वहिनीचा ओटा बीटाने असा माखायचा की मला आधी वाटलं, हिचं बोट कापलं. ती बिचारी एकटी ताट घेऊन बसायची आणि हा समोर हिरवा पेला धरून बसायचा. घास गिळायची चोरी झाली होती तिला.

आणि अकलेचे तारे तर विचारूच नका. हा माणूस भाजी आत घालायच्या आधी वजन करायचा, आणि चोथा बाहेर आला की त्याचंही वजन करायचा. फ्रिजवर चिठ्ठी लावलेली. भरलेली तीन किलो चारशे. रिकामी, म्हणजे चोथा, एक किलो नऊशे. निव्वळ दीड किलो. मला म्हणाला, "बघ ताई, निम्म्याहून जास्त तर मी टाकूनच देतो. पोटात जातं ते दीड किलो, आणि त्यातही सगळं पाणीच." मी म्हटलं, आणि साडेतीन किलो पाल्यातलं जे काही होतं, ते कुठे गेलं? चोथ्यात गेलं? तो हसला. म्हणाला, तुला काट्याचं गणित कळणार नाही. चोथा वहिनी जिन्यातल्या कुंड्यांना घालायची. कुंड्या मात्र माजल्या.

एका रविवारी माझ्यासाठी बाटली भरून घेऊन आला. प्रेमाने, बरं का. बाटलीवर कपडा गुंडाळलेला, गार राहावी म्हणून. मी बाटलीकडे बघितलं आणि त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षं हा मला दवाखान्यात सोडायला येतोय. पालेभाजी उकळून पाणी फेकल्याशिवाय मला खाता येत नाही, फळ खायचं तर एक फोड, आणि पाण्याचं तर सांगितलंच. "मला मारायचं असेल तर उशी घे की, एवढा पालक कशाला वाया घालवतोस?" मी म्हटलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. बाटली परत नेली आणि खाली रिक्षा स्टँडवर उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकली. खिडकीतून बघितलं मी.

दर सोमवारी काटा मोकळा असला की हा त्या लोखंडी पाटावर जाऊन उभा राहायचा. ट्रकचा काटा तो, त्याला दहा किलोंच्या खालचं काही कळत नाही. आठ आठवडे शंभर दाखवलं. एका सोमवारी एकदम नव्वद. घरच्या काट्यावर चौऱ्याण्णव आणि काहीतरी भरत होतं, पण ट्रकच्या काट्याने नव्वद म्हटल्यावर घरच्या काट्याला कोण विचारतो. त्याने भर दुपारी मला मशीनवर असताना फोन केला. "ताई, गेल्या सोमवारी शंभर होतो, आज नव्वद." मागे ट्रकवाले टाळ्या वाजवत होते. नर्सबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझ्या भावाची गाडी रिकामी व्हायला लागली.

आणि खरं सांगते, त्या दिवशी मला हसू आलं ते नुसतं थट्टेचं नव्हतं. मला आत कुठेतरी बरं वाटलं. दर पंधरा दिवसांनी तो रविवारी पँट घेऊन यायचा आणि मी कमरेत घट्ट करून द्यायचे. चव्वेचाळीस होती कमर. बेचाळीस झाली, एक्केचाळीस झाली. तोंडाने मी त्याची टर उडवत होते आणि हाताने टेप लावत होते. टेप लावताना मनात धरायचे की आणखी एक इंच, आणखी एक. रात्री झोपताना तांब्या दिसायचा डोळ्यांसमोर. लोकांना नावं ठेवायला माझी जीभ कधी थकली नाही, पण इंच कमी झाला की मी पहिली खूश.

मग तो रविवार आला. वजन साडेनव्वद. तपासणीची तारीख सतरा दिवसांवर. तो स्टुलावर उभा, मी खाली गुडघ्यावर बसून पँटीच्या तळाला पिना लावत होते, कारण कमर उतरल्यावर पँट खाली घसरत होती. त्याचा चेहरा मला मघाशीच ओढलेला वाटला होता. म्हणाला, हल्ली जरा मळमळतं, खुर्चीतून उठवत नाही, पण ज्यूसवाला म्हणतो तिसऱ्या महिन्यात असं होतंच, घाण बाहेर पडत असते. मी म्हटलं, तुझ्या डोक्यातली पडली तर बरं होईल. आणि पँट वर सरकवली.

मोज्याच्या रबराचा वळ होता पायावर. नुसता वळ नव्हे, चांगला बोटभर खोल चर. मी पिन लावायच्या निमित्ताने घोट्याच्या वर अंगठा दाबला. काढला. खड्डा तसाच राहिला. हळूहळू भरत आला, पण मी मनात वीस आकडे मोजले तरी दिसत होता.

हा खड्डा मला कोणी शिकवायला नको. तीन वर्षांपूर्वी पहिल्या डॉक्टरांनी माझ्या पायावर असाच अंगठा दाबला होता, आणि मग पुढचं सगळं सुरू झालं. कमर उतरतेय आणि पाय सुजतोय, हे कुठल्या रसाने धुऊन निघालेल्या माणसाचं लक्षण नाही. हे मला त्याच क्षणी कळलं. 

आणि मी काय केलं? मनात म्हटलं, दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळवत बसतो, त्याने असेल. मग म्हटलं, सतरा दिवसांनी डॉक्टर बघणारच आहेत. मग म्हटलं, आत्ता बोलले तर हा घाबरून रस सोडेल, खायला लागेल, साडेनव्वदचे परत पंच्याण्णव होतील, तारीख जाईल. अडीच किलो फक्त राहिले होते. ज्या माणसाला मी किलो मोजण्यावरून हसले होते, त्याच्यापुढे बसून मी तेच अडीच किलो मोजत होते. मी पँट खाली ओढली, पिना तोंडातून काढल्या आणि म्हटलं, "उतर आता, झालं."

सतरा दिवस तो रस पीत राहिला.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर सत्त्याऐंशी पूर्णांक चार. ढब्बूने माझ्याकडे असं बघितलं की जणू शाळेत पहिला आलाय. चिठ्ठी मागितली त्याने. तो काटा चिठ्ठी देत नाही म्हटल्यावर हिरमुसला. मग रक्त घेतलं, लघवी घेतली, आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिघांना आत बोलावलं. वहिनीने पिशवीतून आणलेली फुलं बाहेरच खुर्चीवर ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला. म्हणाल्या, "तुम्ही काही औषध घेत होता का? पावडर? काढा?" ढब्बू म्हणाला, छे, काही नाही, सगळं नैसर्गिक. मग हळूहळू निघालं सगळं. पालक किती, बीट किती, बदाम किती, किती महिने. दूध बंद केल्याचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. पालक, बीट, बदाम ह्यांत ऑक्झलेट म्हणून एक पदार्थ असतो, म्हणाल्या. शिजवून वाटीभर खाल्ला तर काही होत नाही. किलो-किलोने कच्चा गाळून रोज पोटात घातला, वर जेवण नाही, दूध नाही, तर त्याचे कण किडनीत जाऊन रुतून बसतात. "तुमच्या दोन्ही किडन्या निम्म्याने काम करताहेत. रस आजपासून बंद. थोड्या सुधारतील, पुरत्या सुधारणार नाहीत. आणि दान करायचा विषय आता कायमचा संपला."

ढब्बू म्हणाला, "पण वजन सत्त्याऐंशी झालंय."

 डॉक्टरीणबाईंनी त्याचा मोजा खाली केला आणि अंगठा दाबला. "पाय कधीपासून सुजलेत?"

"सुजलेत का?" तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

"दोन-तीन आठवडे आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं."

मी भिंतीकडे बघत होते. भिंतीवर किडनीचं चित्र होतं, रंगीत, मधोमध कापलेली. त्याच्यावरची सगळी नावं मी वाचली. दुसऱ्यांदाही वाचली.

त्याला आता चार महिने झाले. मी मशीनवरच आहे, माझं नाव एका लांब यादीत आहे, आणि यादी माझ्यासाठी काही धावणार नाही. ढब्बू महिन्याला रक्त तपासतो. यंत्र माळ्यावर गेलं. ज्यूसवाला अजून दात दाखवतोय, त्याचे आता पन्नास लाख झालेत. ढब्बू दोन वेळा नीट जेवतो, पाऊण तास चालतो, तो पाच ओळींचा कागद वहिनीने फ्रिजवर लावलाय, चिठ्ठ्या काढून टाकल्यात. वजन ब्याण्णववर आहे. आणि मला दवाखान्यात सोडायला हाच येतो, पहिल्यासारखा.

गेल्या रविवारी त्याच पँटी घेऊन आला. "ताई, परत सैल करून दे. बसताना काचतात." मी कापड कापलेलं नव्हतं, आत दुमडून दाबलं होतं. मी कधीच कापत नाही, लोकांच्या कमरांवर माझा विश्वास नाही. स्टुलावर उभा राहिला. मी खाली बसले. मोजे घातलेच नव्हते त्याने, चपला घालून आला होता. पाय सडपातळ दिसत होते.

मला ते पोटात ठेवून ठेवून अजीर्ण झालं होतं. सगळ्या जगाला तोंडावर बोलणारी मी, चार महिने एक वाक्य गिळून बसले होते. मान खाली घालून म्हटलं, "ढब्बू, तुझे पाय सुजलेले मी बघितले होते. त्या रविवारी. इथेच."

 मला वाटलं, आता स्टुलावरून उतरेल आणि जाईल. जायलाच हवं होतं त्याने.

"माहीत आहे," तो म्हणाला. "अंगठा दाबलास ना. मला कळलं होतं. दवाखान्यात तुझे पाय दाबून बघतात, तसंच दाबलंस." मग म्हणाला, "मी बघत होतो तुझ्या तोंडाकडे. म्हटलं, हिला ह्यातलं सगळं कळतं, आणि ही काय गप्प बसणाऱ्यातली नाही. काही असतं तर बोलली असती. तू म्हणालीस, उतर आता, झालं. म्हणून मी म्हटलं, मग ठीक असेल."

मी पिना तोंडात धरल्या.  त्याने आणलेली दुसरी पँट मांडीवर घेऊन तिचा कमरेचा पट्टा उसवायला घेतला. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं, बाकीच्या पँटीपेक्षा गडद, नव्यासारखं.

"तू चहा घेतलास का?" त्याने वरून विचारलं. "आजचं पाणी किती झालं तुझं?"